इन्फंट स्कूलचा ऑफस्टेड अहवाल चांगला आलाय – तो वाचायचा कसा?

खडूफळा:

प्रवेशाच्या अर्जाची मुदत, १५ जानेवारी, जवळ आली की इंग्लंडमधल्या मराठी पालकांच्या ग्रूपवर इन्फंट स्कूलचे अहवाल फिरायला लागतात. कोणीतरी लिंक टाकतं, खाली "छान आहे, पहिला प्रेफरन्स द्या" असे चार-पाच प्रतिसाद येतात आणि विषय संपतो. अहवाल मात्र फारसा कोणी उघडलेला नसतो. म्हणून हा धागा. चांगला आलेला अहवाल ओळीओळीने कसा वाचायचा, कुठे थांबायचं आणि कुठल्या ओळीला फार महत्त्व द्यायचं नाही, एवढंच इथे बोलू.

नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडक्यात. इन्फंट स्कूल म्हणजे रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू, साधारण चार ते सात वर्षांची मुलं. काही शाळांना जोडून नर्सरी असते. इयर थ्रीपासून ज्युनियर स्कूल. दोन्ही एकत्र असतील तर प्रायमरी. ऑफस्टेड म्हणजे शाळांची तपासणी करून अहवाल काढणारी सरकारी संस्था, ती फक्त इंग्लंडपुरती आहे. वेल्समध्ये एस्टिन, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी, त्यामुळे कार्डिफ किंवा ग्लासगोवाल्यांनी इथलं जसंच्या तसं लागू करू नये.

इन्फंट स्कूलच्या बाबतीत अहवालाचं वजन जास्त, कारण दुसरं जाहीर काही नसतंच. प्रायमरी आणि ज्युनियर शाळांचे इयर सिक्सच्या सॅट्सचे (राष्ट्रीय चाचण्यांचे) निकाल सरकारी संकेतस्थळावर शाळेनिहाय दिसतात. इन्फंटला इयर सिक्सच नाही. इयर टूच्या सॅट्स २०२३-२४ पासून ऐच्छिक झाल्या. इयर वनची फोनिक्स (ध्वनी जोडून वाचण्याची) चाचणी आणि रिसेप्शनअखेरचं मूल्यमापन होतं, पण त्याचे शाळेनिहाय आकडे सरकार जाहीर करत नाही. तपासनिसांपुढे ते असतात, आपल्यापुढे नसतात. त्या आकड्यांवरून काय दिसलं हे आपल्याला अहवालाच्या वाक्यांतूनच काढावं लागतं.

सध्या तीन पिढ्यांचे अहवाल समोर येतील. सप्टेंबर २०२४ च्या आधीच्या अहवालात वर एकच शब्द असतो: आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट किंवा इनॅडिक्वेट. रेडिंगमधल्या एका मुख्याध्यापिकेचा जानेवारी २०२३ मध्ये मृत्यू झाला आणि त्यात तपासणीचा वाटा होता, असं कॉरोनरने (मृत्यूच्या कारणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) त्याच वर्षी डिसेंबरात नोंदवलं. त्यानंतर सरकारी शाळांसाठी हा एकशब्दी शेरा बंद झाला. २०२४-२५ च्या अहवालांत एकूण शेरा नाही, पण शिक्षणाचा दर्जा, वर्तन, व्यक्तिमत्त्व विकास, नेतृत्व आणि अर्ली इयर्स (नर्सरी-रिसेप्शन) यांना वेगवेगळे तेच चार शेरे आहेत. आणि १० नोव्हेंबर २०२५ पासून रिपोर्ट कार्ड आलं. त्यात पाच पायऱ्या: अर्जंट इम्प्रूव्हमेंट, नीड्स अटेन्शन, एक्स्पेक्टेड स्टँडर्ड, स्ट्राँग स्टँडर्ड, एक्सेप्शनल. त्या इन्क्लूजन (सगळ्या मुलांना सामावून घेणं), अभ्यासक्रम व अध्यापन, अचीव्हमेंट, हजेरी व वर्तन, वैयक्तिक विकास व स्वास्थ्य, नेतृत्व व गव्हर्नन्स आणि अर्ली इयर्स यांना स्वतंत्रपणे दिलेल्या असतात. सेफगार्डिंगला, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेला, पायरी नाही, ते फक्त "मेट" किंवा "नॉट मेट".

म्हणून पहिली नजर शेऱ्यावर नको, तारखेवर टाका.

थेम्सकाठ:

तारखेबद्दल अगदी बरोबर. त्यात एक भर घालतो. २०१२ ते २०२० या काळात आउटस्टँडिंग शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूट होती. त्यामुळे दहा-दहा वर्षं तपासनीस न फिरकलेल्या शाळा आउटस्टँडिंगचा फलक लावून होत्या. सूट काढल्यावर पुन्हा तपासणी झाली तेव्हा त्यातल्या बऱ्याच खाली आल्या. फाटकावरच्या कापडी फलकावर लहान अक्षरात वर्ष लिहिलेलं असतं, ते वाचा. हेडटीचर तेव्हाचेच आहेत का हेही बघा. इन्फंट स्कूल लहान असतं, दोन-तीन तुकड्यांचं. हेड आणि अर्ली इयर्सची प्रमुख बदलली की शाळा बदलते.

दुसरं म्हणजे अनग्रेडेड तपासणी. जुन्या पद्धतीत आधीपासून गुड असलेल्या शाळेत बहुतेक वेळा शिक्षण कायदा २००५ च्या कलम ८ खालची तपासणी व्हायची. त्यात नवे शेरे मिळत नाहीत. २०२४-२५ मधल्या अशा अहवालात वर एक वाक्य असतं: शाळेने आधीचा दर्जा टिकवण्यासाठी परिणामकारक पावलं उचलली आहेत. हा चांगलाच निकाल आहे. पालक मात्र "ग्रेड कुठाय?" म्हणून गोंधळतात. काही अहवालांत याच जागी "काम लक्षणीयरीत्या सुधारलं असावं" असं वाक्य येतं. ते दिसलं तर शाळा वर चढतेय असं समजा. कलम ५ खालची तपासणी पूर्ण, शेऱ्यांसकट. नव्या चौकटीत हा फरक संपला, आता सगळ्या पूर्णच.

चिंचबोर:

खडूफळा, एक शंका. आमच्या भागातल्या इन्फंटला नवीन रिपोर्ट कार्ड मिळालंय. पाच ठिकाणी एक्स्पेक्टेड, वर्तनाला आणि अर्ली इयर्सला स्ट्राँग. ग्रूपवर सगळे म्हणतायत की एक्स्पेक्टेड म्हणजे काठावर पास, शेजारची जुनी गुड वाली बरी. हे बरोबर आहे का?

खडूफळा:

नाही, चिंचबोर. आपल्या डोक्यात "अपेक्षित" म्हणजे ३५ मार्क, तिथेच घोटाळा होतो. एक्स्पेक्टेड स्टँडर्डमध्ये कायद्याने आणि व्यवसायाच्या निकषांनी शाळेकडून जे जे अपेक्षित आहे ते सगळं येतं. आणि जुन्या पद्धतीतला "बहुतांशी जुळतंय ना, मग द्या गुड" हा प्रकार आता नाही. त्या पायरीतला प्रत्येक निकष पक्का बसला तरच ती पायरी मिळते. एक्स्पेक्टेडमधला एक मुद्दा जरी लंगडा असला, तरी बाकी कितीही चमकदार असो, स्ट्राँग मिळत नाही.

त्यामुळे पाच एक्स्पेक्टेड आणि दोन स्ट्राँग हा पक्का, भरवशाचा निकाल आहे. त्यातही अर्ली इयर्स स्ट्राँग असणं इन्फंटसाठी फार मोलाचं, कारण तीन वर्षांतलं पहिलं वर्ष तेच. जुना गुड आणि नवा एक्स्पेक्टेड यांची अदलाबदल होत नाही, दोन्हीची मापं वेगळी. शेजारच्या शाळेशी तुलना करायचीच असेल तर दोन्ही अहवालांतला मजकूर शेजारी ठेवा, शेरे नको.

मजकुरात पहिल्यांदा "पुढे काय सुधारायचं" हा भाग वाचा. चांगल्या अहवालातही तो असतो. इन्फंटच्या अहवालात तिथे साधारण तीन प्रकारची वाक्यं दिसतात. पहिला प्रकार: इतिहास-भूगोल-कला अशा काही विषयांत मुलांनी नेमकं काय लक्षात ठेवायचं ते शाळेने पुरेसं ठरवलेलं नाही. हे खूप शाळांना लिहिलं जातं, यावरून शाळा नाकारू नका. दुसरा: शिकवताना मुलांच्या चुकीच्या समजुती वेळेत लक्षात येत नाहीत. यावर भेटीच्या वेळी प्रश्न विचारा. तिसरा प्रकार गंभीर: वाचनात मागे पडलेल्या मुलांना मदत उशिरा मिळते, किंवा त्यांची पुस्तकं त्यांना येणाऱ्या ध्वनींशी जुळत नाहीत. इन्फंट स्कूलचं मुख्य काम वाचायला शिकवणं. तिथे चीर असेल तर बाकीचं कौतुक मला फार महत्त्वाचं वाटत नाही.

अक्षरओळख:

वाचनाचा मुद्दा आला म्हणून सविस्तर लिहिते, कारण अहवालातला हाच परिच्छेद सर्वांत जास्त सांगतो आणि पालक नेमका तोच वरवर वाचतात.

तपासनीस वर्गात बसून फोनिक्सचा तास बघतात. मग मुलांना वाचायला लावून ऐकतात. हुशार मुलांना नव्हे, तर वाचनात सर्वांत मागच्या २० टक्क्यांतल्या मुलांना, त्यांच्या ओळखीच्या शिक्षकापुढे बसवून. मुलाच्या हातातलं पुस्तक आणि त्याला शिकवून झालेले ध्वनी जुळतात का, हे बघायचं असतं. म्हणून अहवालात "मुलं त्यांना येणाऱ्या ध्वनींशी अचूक जुळणारी पुस्तकं वाचतात" आणि "मागे पडणाऱ्या मुलांना लगेच मदत मिळते" अशी दोन वाक्यं असतील, तर पाया पक्का आहे. नुसतं "मुलांना वाचनाची आवड आहे, ग्रंथालय सुंदर आहे" एवढंच असेल, तर अजून खोदून विचारा.

शाळा कोणती योजना वापरते तेही विचारा. लिटल वॉन्डल, रीड राइट इंक अशा शिक्षण खात्याने तपासून मान्य केलेल्या अनेक योजना आहेत. कुठली चांगली यावर पालक वाद घालतात, पण खरा प्रश्न वेगळा आहे. रिसेप्शनपासून इयर टूपर्यंत सगळे शिक्षक आणि टीचिंग असिस्टंट एकच योजना, एकाच पद्धतीने, रोज शिकवतात का? दोन योजनांची भेसळ झाली की मुलांचा गोंधळ होतो, कारण प्रत्येकीचा ध्वनींचा क्रम, हातवारे आणि शब्द वेगळे असतात.

इयर वनच्या जूनमध्ये फोनिक्सची चाचणी होते. २०१२ पासून चालू आहे. शिक्षकाजवळ बसून ४० शब्द वाचायचे, त्यातले २० खरे आणि २० बनावट, ज्यांना मुलं एलियन शब्द म्हणतात कारण शेजारी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र असतं. आजवर दर वर्षी ३२ ला उत्तीर्ण धरलं गेलंय. २०२४ मध्ये देशभरात इयर वनची ८० टक्के मुलं पार झाली. जी राहतात ती इयर टूमध्ये पुन्हा देतात. आपल्या मुलाचा निकाल शाळेने आपल्याला कळवावाच लागतो. शाळेची टक्केवारी भेटीच्या वेळी सरळ विचारा. ती गुप्त नाही, बऱ्याच शाळा आपल्या संकेतस्थळावर देतात.

बनावट शब्द कशाला? पाठ केलेले शब्द ओळखणं आणि ध्वनी जोडून वाचणं यांत फरक कळावा म्हणून. घरी भरपूर वाचणारी मुलंही इथे अडखळतात. "स्ट्रॉम" असा बनावट शब्द दिसला की त्याला ओळखीचं रूप देऊन "स्टॉर्म" वाचून मोकळी होतात. मार्क जातो.

आता आपल्या घरांत हमखास होणारी चूक. आपण बाराखडीत वाढलो. आपल्याकडे "प" म्हटला की त्यात अ आलाच. तो काढायचा तर अक्षराचा पाय मोडावा लागतो. फोनिक्समध्ये प्रत्येक व्यंजन पाय मोडूनच म्हणायचं असतं: प्, ट्, म्. मूल घरून "प-ॲ-ट" शिकून आलं तर ते जोडताना "पअॅटअ" म्हणतं आणि शब्द काही केल्या लागत नाही. स्, म्, फ् हे ध्वनी लांबवून म्हणता येतात, "स्स्स", "म्म्म". प्, ट्, क् लांबवता येत नाहीत, ते तोडून, हलके म्हणायचे. आणि सुरुवातीला "ए बी सी डी" नको. अक्षरांची नावं नंतर येतात, आधी ध्वनी. बहुतेक योजनांत पहिली सहा अक्षरं स्, ॲ, ट्, प्, इ, न् ही असतात, कारण तेवढ्यांतूनच "सॅट", "पिन", "टॅप" असे बरेच शब्द होतात.

अजून एक जागा म्हणजे व्ही आणि डब्ल्यू. आपल्याला दोन्ही "व"च. मुलाला "व्हेट" आणि "वेट" एकसारखे ऐकू येतात आणि लिहिताना अक्षर चुकतं. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. आरशासमोर पाच मिनिटं करा, पुरतं.

रानजाई:

अक्षरओळखताई, पाय मोडायचं उदाहरण छापून फ्रिजवर लावण्यासारखं आहे. एक प्रश्न. अहवालात "इंग्रजी ही अतिरिक्त भाषा असलेली मुलं चांगली प्रगती करतात" असं लिहिलंय. मग घरी मराठी बंद करून इंग्रजी सुरू करायला हवी का? नातेवाईक तोच सल्ला देतात.

अक्षरओळख:

मराठी मुळीच बंद करू नका, रानजाई. अर्ली इयर्सच्या वैधानिक चौकटीतच लिहिलंय की ज्या मुलांची घरची भाषा इंग्रजी नाही, त्यांना ती भाषा खेळात आणि शिकण्यात वापरायची संधी मिळावी म्हणून शाळेने शक्य ते प्रयत्न करायचे. त्यासोबत इंग्रजीची पुरेशी तयारी करून घेणं हेही शाळेचंच काम.

रिसेप्शनअखेर १७ उद्दिष्टांवर मूल्यमापन होतं. "गुड लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट" म्हणतात त्यासाठी त्यातली १२ लागतात: संवाद व भाषा, सामाजिक-भावनिक विकास, शारीरिक विकास, साक्षरता आणि गणित यांतली. सरकारने २०२८ पर्यंत ७५ टक्के मुलांना तिथवर न्यायचं लक्ष्य ठेवलंय, त्यामुळे सध्या शाळांचं यावर बारीक लक्ष आहे. यातलं संवाद-भाषा आणि साक्षरता इंग्रजीतच तपासतात. बाकीचं मूल आपल्या भाषेतून दाखवू शकतं. गणिताचं उदाहरण घ्या. दहापर्यंतच्या संख्यांची खोल जाण आणि पाचपर्यंतच्या वस्तू न मोजता एका नजरेत ओळखणं, ही अपेक्षा आहे. मूठभर चिंचोके टाका, झाकण ठेवा, एक क्षण उचला, "किती?" "चार!" हे मराठीत झालं तरी गणित तेच आहे.

अहवालातलं ते वाक्य चांगलंच आहे, पण त्याच्या पुढचं वाक्य बघा. "नवे शब्द शाळा नेमके निवडून शिकवते" असं काही असेल तर काम खरंच चाललंय.

लिहिण्याबद्दलही सांगून टाकते. ऑफस्टेडने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुवातीच्या वर्षांच्या शिक्षणावर अहवाल काढला. त्यात आक्षेप असा होता की अक्षर वळणदार यायच्या आधीच मुलांकडून लांब लांब लिखाण करून घेतलं जातं. त्यामुळे आता इन्फंटच्या अहवालांत पेन्सिलची पकड आणि अक्षराचं वळण यावर वाक्यं येतात. घरी सराव करून घेणार असाल तर लहान लिपीच घ्या. सगळं नाव कॅपिटलमध्ये लिहायला शिकवलेलं मूल रिसेप्शनमध्ये ते पुन्हा पुसून शिकतं.

मिनिटबुक:

गव्हर्नर मंडळींच्या (शाळेच्या नियामक मंडळाच्या सदस्यांच्या) बाजूने सेफगार्डिंगबद्दल. जुन्या अहवालात ते एका ओळीत असतं, "सेफगार्डिंगची व्यवस्था परिणामकारक आहे". नव्यात "मेट". ओळ लहान आहे म्हणून काम लहान नाही. शाळेत काम करणाऱ्या प्रौढांच्या तपासण्यांची एक नोंद असते, सिंगल सेंट्रल रेकॉर्ड. तपासनीस ती उघडून बघतात. लहान शाळा इथे अडकतात ती साध्या गोष्टींत: बदली शिक्षकाची एजन्सीकडून लेखी खात्री आलेली नाही, ओळखपत्र बघितल्याची तारीख लिहायची राहिली, गव्हर्नरची नोंद अर्धवट. पालकांनी बघायचं ते दर्शनी भागात. सेफगार्डिंगच्या जबाबदार व्यक्तीचं नाव आणि फोटो फलकावर आहे का? आपण भेटीला गेलो तर सही, ओळखपत्र, गळ्यातला पट्टा हे सगळं झालं का? तुम्हाला "या, या" म्हणत सरळ आत सोडलं, तर ते आदरातिथ्य समजू नका.

पेरेंट व्ह्यूबद्दलही, म्हणजे ऑफस्टेडच्या पालकांसाठीच्या ऑनलाइन प्रश्नावलीबद्दलही, लिहायला हवं. शाळेला फोन सोमवारी जातो, तपासणी मंगळवार-बुधवार. सोमवारी दुपारी पालकांना ईमेल येतो. त्यातल्या लिंकवर काही प्रश्न आणि तपासणीच्या काळात मोकळं लिहायची एक चौकट असते. त्या चौकटीतलं फक्त तपासनीसांचा गट वाचतो, ते छापलं जात नाही. आपली मंडळी हे भरतच नाहीत. चांगल्या शाळेबद्दल नेमकं लिहा, "शाळा छान आहे" नको. "मूल इंग्रजी न बोलता आलं, पहिल्या आठवड्यापासून चित्रांच्या कार्डांवर काम केलं, पालकांना दर सोमवारी त्या आठवड्याचे ध्वनी कळवले" असं लिहा. तपासनीस ते वर्गात जाऊन पडताळतात. जुन्या अहवालाचे पेरेंट व्ह्यूचे आकडे बघताना टक्केवारीआधी उत्तरं किती आली ते बघा. १८० मुलांच्या शाळेत २२ उत्तरं असतील तर ९५ टक्के या आकड्याला फार धरून बसू नका.

पुणे_ते_हॅरो:

हजेरीचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. नव्या रिपोर्ट कार्डात "हजेरी व वर्तन" हा स्वतंत्र भाग आहे आणि इन्फंट शाळांचं दुखणं बऱ्याचदा तिथेच असतं. शाळेचं वर्ष १९० दिवसांचं. दहा टक्के, म्हणजे १९ दिवस बुडाले की मूल "सतत गैरहजर" या गटात जातं. डिसेंबर-जानेवारीत लग्नासाठी तीन आठवडे भारतात गेलं आणि नंतर दोनदा ताप आला, झालं. अशी पंधरा मुलं झाली की लहान शाळेची टक्केवारी ढासळते. म्हणून हेड परवानगी देत नाहीत, आणि त्यात त्यांचा आकस नसतो.

दंडाचे नियम ऑगस्ट २०२४ पासून देशभर एकसारखे आहेत. दहा शालेय आठवड्यांत विनापरवाना दहा सत्रं, म्हणजे पाच दिवस झाले की दंडाचा विचार होतो. प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे १६० पौंड. २१ दिवसांत भरले तर ८०. तीन वर्षांत त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा झालं तर सरळ १६०, तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. दोन मुलं, दोन पालक असा गुणाकार करून बघा.

मिनिटबुक:

सहमत, पण एक दुरुस्ती जोडतो. दंड सक्तीच्या शालेय वयाच्या मुलांसाठीच आहे. ते वय पाचव्या वाढदिवसानंतरच्या टर्मपासून लागतं. एप्रिल ते ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल रिसेप्शनचं पूर्ण वर्ष त्या वयाखालीच असतं. म्हणून कितीही रजा घ्यावी असं मात्र नाही. हजेरीपटावर नोंद होतेच, आणि फोनिक्समध्ये तीन आठवडे म्हणजे दहा-बारा ध्वनी हुकतात. दिवाळीच्या दिवशी धार्मिक कारणासाठी रजा मागता येते, तिचा कोड "आर". परवानगी नसलेल्या सहलीचा कोड "जी". अर्जात खरं कारण लिहा. आजारपण सांगून मूल परतल्यावर वर्गात मुंबईच्या विमानाचं चित्र काढतं, हे शिक्षकांना नवीन नाही.

चिंचबोर:

प्रवेशाचं पण लिहा ना कोणीतरी. अहवाल चांगला आला की शाळा मिळणं अवघड होतं म्हणतात.

थेम्सकाठ:

होतंच. बहुतेक सरकारी शाळांत आधी केअरमधली (कौन्सिलच्या देखभालीखालची) मुलं, मग भावंडं, मग कॅचमेंट (शाळेचा ठरलेला परिसर) आणि अंतर असा क्रम असतो. चर्च शाळांचे निकष वेगळे. कौन्सिलच्या पुस्तिकेत मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावर दिला ते छापलेलं असतं. तो आकडा तीन-चार वर्षांचा बघा. चांगल्या अहवालानंतर तो आकसतो, आणि भावंडं जास्त असलेल्या वर्षी अजून आकसतो. ऑनलाइन अर्जाची मुदत १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिलला. पसंतीक्रम शाळेला दिसत नाही. त्यामुळे "पहिली पसंती दिली नाही तर शाळा चिडेल" ही भीती सोडा. पण एक तरी शाळा अशी टाका, जिच्या अंतरात तुम्ही नक्की बसता.

नकार आला तर प्रतीक्षा यादीत नाव ठेवा. ती किमान ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते, आणि सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बरीच हलते. अपीलच्या भरवशावर मात्र राहू नका. इन्फंटच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा कायद्याने आहे. जुळ्यांसारखे मोजके अपवाद सोडले तर एकतिसावं मूल घेता येत नाही. म्हणून अपील समिती फक्त नियम चुकीचे लावले का, किंवा निर्णय अगदीच अविवेकी होता का, एवढंच तपासते. "अहवाल फार चांगला आहे म्हणून हीच शाळा हवी" हा मुद्दा तिथे चालत नाही.

खडूफळा:

थेम्सकाठ यांनी प्रवेशाचं लिहिलंच आहे, तर जी गोष्ट सर्वांत जास्त पालकांची चुकते ती ठळक करतो. इन्फंटमधून ज्युनियरमध्ये मूल आपोआप जात नाही. दोन्ही शाळांचं नाव सारखं असो, कुंपण एक असो, गणवेश एक असो. इयर टूमध्ये असताना इयर थ्रीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, मुदत तीच १५ जानेवारी, निकाल तोच १६ एप्रिलला. जोडलेल्या इन्फंटच्या मुलांना ज्युनियर शाळा बहुधा प्राधान्य देते, पण अर्जच नसेल तर प्राधान्य कशाला लावणार? मुदतीनंतरचा अर्ज वेळेत आलेल्या सगळ्यांच्या मागे जातो. इयर थ्रीला ३० ची कायदेशीर मर्यादा नाही, त्यामुळे तिथे अपीलला थोडी जास्त जागा असते, पण वेळ तिच्यावर येऊ देऊ नका.

खर्चाचा भागही लक्षात ठेवा. रिसेप्शन ते इयर टू सगळ्यांना दुपारचं जेवण मोफत आहे, सप्टेंबर २०१४ पासून. ज्युनियरमध्ये ते संपतं. लंडनमध्ये मात्र महापौरांच्या योजनेतून सप्टेंबर २०२३ पासून सरकारी प्रायमरीच्या सगळ्याच वर्गांना मिळतंय.

रानजाई:

म्हणजे ज्युनियरचा अहवालही आत्ताच वाचून ठेवायचा? तो इन्फंटच्या पानावर दिसत नाही.

खडूफळा:

हो, आत्ताच. तो दिसणार नाही, कारण कागदोपत्री त्या दोन वेगळ्या शाळा आहेत. प्रत्येक शाळेला सहा आकडी यूआरएन क्रमांक असतो आणि ऑफस्टेडच्या संकेतस्थळावर अहवाल त्या क्रमांकाखाली लावलेले असतात. दोन शाळा फेडरेशनमध्ये (एकाच नियामक मंडळाखाली) असतील, हेड एकच असेल, तरी तपासणी आणि अहवाल वेगळे. ज्युनियरच्या अहवालात इयर थ्रीला इन्फंटकडून येणारी माहिती कशी वापरली जाते यावर काही लिहिलंय का, ते शोधा.

आणि शाळा कौन्सिलकडून अकादमी ट्रस्टकडे गेली असेल तर तिला नवा क्रमांक मिळतो. पानावर "अजून अहवाल नाही" असं दिसतं आणि पालक घाबरतात. जुने अहवाल जुन्या क्रमांकाखाली तसेच असतात. सरकारच्या शाळा-नोंदणीच्या पानावर शाळेचं नाव टाकलं की आधीच्या शाळेचा दुवा मिळतो, तिथून जुना क्रमांक घेऊन ऑफस्टेडवर शोधा.